एका चेंडूची नोंद

क्षेत्ररक्षकाने चेंडू स्वच्छ अडवला, स्वच्छ उचलला आणि स्वच्छ फेकला. ज्याच्याकडे फेकला त्याने तो स्वच्छ झेलला. तरीही फलंदाज बाद झाला नाही. मग चूक कोणाची, आणि ती कोणत्या रकान्यात लिहायची? या एका प्रश्नाचे उत्तर मिळते का, हे पाहण्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला आहे. निवृत्त शिक्षिकेने एखादा प्रश्न हाती घेतला म्हणजे तिच्याकडे उत्तर तयारच असणार, असा वाचकांचा समज होण्याचा संभव आहे. तो आधीच दूर करते. दोन हंगाम उलटले, तरी माझे उत्तर दर पंधरा दिवसांनी बदलते.

मी मुलुंडच्या एका मराठी शाळेत आयुष्यभर गणित शिकवले. शाळेतल्या मुलींचा सॉफ्टबॉलचा संघ जिल्हा स्पर्धांना जात असे. बरोबर एक शिक्षिका लागे, आणि आकड्यांचे काम म्हणून स्कोअरशीट आपोआप माझ्याकडे आले. सॉफ्टबॉल आणि बेसबॉल ही सख्खी भावंडे. त्यामुळे आमच्या उपनगरांत चार संघांची व्यावसायिक बेसबॉल लीग सुरू झाली आणि मुलुंडच्या संघाला अधिकृत स्कोअरर हवा झाला, तेव्हा कोणीतरी माझे नाव सुचवले. संघाचे नाव फ्लेमिंगोज. खाडीत उतरणाऱ्या त्या पक्ष्यांवरून ठेवलेले, म्हणून खेळाडूंचे शर्ट गुलाबी. धिप्पाड पुरुष गुलाबी शर्टात मैदानात उतरत, तेव्हा पहिल्या हंगामात रिक्षावाले मुद्दाम रिक्षा थांबवून बघत.

मैदान मिठागरांच्या बाजूला होते. सामने सकाळी आठला. त्याआधी साडेसातपर्यंत मैदानाच्या एका कोपऱ्यात हास्यक्लब चाले, आणि आमचे खेळाडू सराव करत असताना पलीकडून वीस-पंचवीस ज्येष्ठ नागरिक हात वर करून मोठ्याने हसत. बाहेरगावच्या एका पंचांना हे माहीत नव्हते. आपल्यालाच हसत आहेत असे समजून ते बिचारे पॅन्टची शिवण तपासू लागले. हास्यक्लबातले एक आजोबा पुढे नियमित प्रेक्षक झाले. माझ्या टेबलाशेजारी खुर्ची ओढून बसत आणि प्रत्येक सामन्यात एकदा तरी विचारत, "बाई, ओव्हर किती झाल्या?" मी सांगे, "आजोबा, यात ओव्हर नसतात." ते म्हणत, "नसतात हो, पण झाल्या किती?"

स्कोअररचे काम काय, हे थोडक्यात सांगते, कारण पुढचे सारे त्यावर अवलंबून आहे. मैदानावर चौकोनात चार ठिकाणे असतात. त्यांतले एक होम, म्हणजे जिथे फलंदाज उभा राहतो, आणि बाकीचे तीन बेस. तिन्ही बेस फिरून होमला परत आला की एक धाव. पिचर चेंडू टाकतो, फलंदाज तो टोलवून पहिल्या बेसकडे पळतो. चेंडू जमिनीवरून गेला असेल, तर तो अडवून फलंदाजाच्या आधी पहिल्या बेसवर पोचवायचा. पोचला तर फलंदाज बाद. फलंदाज आधी पोचला, तर तो का पोचला हे स्कोअररने ठरवायचे. स्वतःच्या फटक्याच्या जोरावर पोचला असेल तर 'हिट', म्हणजे H. साध्या प्रयत्नाने बाद होणारा होता, पण क्षेत्ररक्षकाच्या हातून चेंडू सुटला किंवा फेक भरकटली, तर 'एरर', म्हणजे E. क्रिकेटच्या स्कोअररला हे करावे लागत नाही. झेल सुटला तरी तो फक्त धावा लिहितो. कोणामुळे सुटला ते प्रेक्षक आपापसांत बघून घेतात. बेसबॉलमध्ये मात्र दोष नावानिशी लिहावा लागतो, आणि तो एकट्याने लिहावा लागतो. यजमान संघाचा स्कोअरर हाच त्या सामन्याचा न्यायाधीश. पंचसुद्धा त्याच्या निर्णयात पडत नाहीत.

आमचे बहुतेक खेळाडू क्रिकेटमधून आले होते, हेही इथेच सांगितले पाहिजे. पहिल्याच हंगामात घाटकोपरविरुद्ध आमच्या एका फलंदाजाने सणसणीत फटका मारला आणि तो बॅट हातात घेऊनच पळत सुटला. पहिल्या बेसजवळ येताच त्याने आडवे होऊन बॅट पुढे सरकवली आणि ती बेसवर टेकवली. शरीर हातभर मागे होते. पंचांनी बाद दिले. तो उठून ओरडला, "अहो सर, बॅट आत आहे! बघा ना, बॅट आत आहे!" पाय किंवा हात टेकायला हवा, बॅट चालत नाही, हे त्याला तीन महिने शिकवलेले होते. सगळे प्रेक्षक त्याच्या बाजूने होते. आजोबा मला म्हणाले, "अन्याय आहे हो हा. चांगला क्रीजमध्ये होता."

सामन्यानंतर वर्तमानपत्रांना बातमी पाठवण्याचे कामही माझेच होते. उपनगरात खपणाऱ्या एका सायंदैनिकाचे नार्वेकर दर सामन्यानंतर फोन करत. माणूस सज्जन, पण त्यांच्या साच्यात बेसबॉल बसत नसे. "बाई, सर्वाधिक धावा कोणाच्या?" "एकच धाव झाली, नार्वेकर." "म्हणजे डाव गडगडला म्हणू?" "नाही, आपण जिंकलो." "एका धावेवर? वाट लागली. मथळा काय देऊ मी?" पुढे पुढे मीच पूर्ण बातमी लिहून पाठवू लागले, आणि ते तिच्यात कुठेतरी 'झुंजार' हा शब्द घालून छापू लागले.

आता मूळ प्रसंग.

आमचा पिचर विनायक परब. नाहूरला राहणारा. वडील गिरणीत होते, गिरणी बंद झाल्यावर त्यांनी मिळेल ते केले. विनायक मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात लेथ चालवायचा आणि मालकाशी बोलून हंगामापुरती पाळी बदलून घ्यायचा. वयाने संघात सर्वांत मोठा. त्याचा खांदा त्या वर्षी पार गेलेला होता. हात डोक्यावर नेताना तो ओठ घट्ट मिटून घेई. डॉक्टरांनी सांगितले होते की हा हंगाम शेवटचा, आणि अंधेरीविरुद्धचा घरचा सामना हा त्याच्या हाताचा शेवटचा सामना होता. हे सगळ्यांना ठाऊक होते. आधीच्या आठवड्यात सराव संपल्यावर तो माझ्या टेबलापाशी आला आणि जुनी स्कोअरशीट चाळू लागला.

"काय शोधतोयस रे?"

"काही नाही बाई. एवढी वर्षं टाकतोय. यात माझ्या नावावर असं काय आहे, ते बघत होतो."

"किती सामने जिंकलास, ते आहे की."

"ते संघाचं झालं," तो म्हणाला आणि फाइल नीट बंद करून गेला.

पिचरच्या नावावर राहावे असे एकच काम या खेळात आहे. पूर्ण सामना टाकायचा आणि प्रतिस्पर्ध्याला एकही हिट द्यायची नाही. त्याला नो-हिटर म्हणतात. आमच्या लीगमध्ये तो तोवर कोणालाही साधला नव्हता. एरर झाल्याने नो-हिटर मोडत नाही, कारण तो पिचरचा दोष नव्हे. हिट मात्र एकही चालत नाही.

सामना नऊ डावांचा. अंधेरीविरुद्ध आठ डाव झाले आणि फलकावर त्यांच्या H खाली शून्य होते. फलक म्हणजे पत्र्याच्या पाट्या; त्या बदलायला जाधव नावाचे गृहस्थ शिडीवर बसत आणि आमच्या दोघांकडे एकेक वॉकीटॉकी असे. नो-हिटर चालू असताना पिचरपाशी तो शब्द काढायचा नाही, असा या खेळात रिवाज आहे. आमच्या मंडळींनी तो इतका मनावर घेतला, की डावांच्या मधल्या वेळेत विनायकला कोणी पाणीसुद्धा विचारले नाही. तो एकटाच बाकावर बसून होता. आजोबांना रिवाज माहीत नव्हता. ते मोठ्याने म्हणाले, "शून्य अजून तसंच आहे हो!" मी त्यांना पहिल्यांदाच गप्प बसा म्हटले.

नववा डाव. आम्ही दोन धावांनी पुढे होतो. अंधेरीचे तीन गडी बाद केले की सामना संपणार. पहिल्या फलंदाजाला विनायकने चार वाईड चेंडू टाकले, त्यामुळे तो फुकटात पहिल्या बेसवर गेला. ही हिट नव्हे. मग विनायक पुढचा चेंडू टाकत असताना पळत सुटून त्याने दुसरा बेस चोरला. पुढचा फलंदाज बाद झाला, तेवढ्यात हा तिसऱ्या बेसवर पोचला. म्हणजे एक बाद, आणि तिसऱ्या बेसवर एक धावपटू होमकडे पळायच्या तयारीत. नंतरच्या फलंदाजाला टाकलेला दुसरा चेंडू आमचा कॅचर, म्हणजे यष्टिरक्षकासारखा होममागे बसणारा सावंत, याच्या हातून निसटून मागे गेला. धावपटू होमकडे सुटला. सगळा संघ ओरडू लागला, "होम! होम! होम!" सावंतने चेंडू गाठला, झेप घेतली आणि धावपटू होमला पोचायच्या आधी चेंडू त्याच्या अंगाला टेकवला. दोन बाद. आता एकाही बेसवर कोणी नव्हते.

फलंदाज तोच. पुढच्या चेंडूवर त्याने एक मिळमिळीत फटका मारला. चेंडू टप्पे खात थेट केतनकडे गेला. केतन कोळी, माहुलचा, आमचा शॉर्टस्टॉप. शॉर्टस्टॉप म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक. संघातला सर्वांत चपळ माणूस तिथे ठेवतात. केतनने चेंडू अडवला. इतका सोपा होता, की पहिल्या बेसवरच्या आमच्या खेळाडूने हात लांबवून बोटांनी 'ये' अशी खूण केली. केतनने चेंडू उचलला, मान वर केली, आणि होमवर सावंतकडे फेकला.

सरळ, छातीच्या उंचीवर, सुरेख फेक. सावंतने तो झेलला आणि हातातल्या चेंडूकडे बघत राहिला. पत्ता चुकून दुसऱ्याचेच पार्सल आपल्याला मिळाल्यावर माणूस जसा बघतो, तसा. मग भानावर येऊन त्याने पहिल्या बेसवर फेकला. फलंदाज एका पावलाने आधी पोचला होता.

वॉकीटॉकी खरखरला. जाधव म्हणाले, "बाई, काय लावू?"

"थांबा."

"थांबलोय. लोक बघतायत."

संघाचे मॅनेजर देसाई लगबगीने माझ्या टेबलाशी आले. "बाई, एररच आहे ना? सगळ्यांनी पाहिलं. केतनने घाण केली सरळ सरळ."

"देसाई, तुम्ही इथे उभं राहायचं नाही."

"नाही राहत. पण एररच आहे."

मी वॉकीटॉकीत म्हणाले, "E."

जाधवांनी आमच्या E खाली पाटी चढवली. अंधेरीच्या H खाली शून्य तसेच राहिले. पुढच्या फलंदाजाला विनायकने तीन चेंडूंत परत पाठवले, आणि गुलाबी शर्ट त्याच्यावर येऊन कोसळले. तो खांदा धरून हसत होता. केतन मात्र लांब, आपल्या जागेवरच उभा होता. विनायकने त्याला हाक मारली, "ए म्हावऱ्या, ये ना इकडे!" तेव्हा तो आला.

मी बातमी पाठवली. नार्वेकरांचा फोन आला. "बाई, आता एक मथळा मिळाला बघा! एकही हिट नाही! झुंजार परब!" संध्याकाळी छापून आले. विनायकच्या छायाचित्राखाली चुकून कबड्डीच्या बातमीतले दोन शब्द होते, पण ते कोणी मनावर घेतले नाही.

त्याच दुपारी, पेपर यायच्या आधी, मी जेवून सवयीप्रमाणे स्कोअरशीट ताडून पाहायला बसले. शंका वाटेल त्या नोंदीपुढे नियम काढून वाचायचा, ही माझी पद्धत. एररचा नियम काढला. आमच्या लीगच्या नियमपुस्तकाचा आशय असा: चेंडू हाताळताना चूक झाली तर एरर, मात्र विचारात चूक झाली, निर्णय चुकला, चुकीच्या ठिकाणी फेकला, तर तो एरर धरू नये. मी नियम तीनदा वाचला. केतनने चेंडू सांडला नव्हता. फेक वाकडी नव्हती. चुकले ते फक्त ठिकाण. म्हणजे एरर नाही.

मग हिट? हिटचा नियम काढला. साध्या प्रयत्नाने बाद करता आला असता, तर ती हिट नव्हे. हा तर अर्ध्या प्रयत्नाने बाद झाला असता. म्हणजे हिटही नाही.

तिसरी एक नोंद असते. दुसऱ्या धावपटूला बाद करण्यासाठी क्षेत्ररक्षकाने फलंदाजाला सोडले, तर 'क्षेत्ररक्षकाची निवड' असे लिहितात. पण त्यासाठी दुसरा धावपटू असावा लागतो, आणि तो अर्ध्या मिनिटापूर्वी बाद होऊन बाकावर पाणी पीत होता.

वर्गात फळ्यावर गणित मांडावे, तीनही पर्याय खोडले जावेत आणि तरी विद्यार्थी उत्तराची वाट पाहत बसलेले असावेत, तशी माझी स्थिती झाली. निर्णय बदलायचा असेल, तर दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत मुदत होती. मी केतनला फोन केला आणि सकाळी नऊला घरी बोलावले. विनायकला बोलावले नव्हते. तो आला, आणि सोबत त्याचे वडील आले, ज्यांना सगळे आप्पा म्हणत. आप्पा सोफ्याच्या अगदी कडेला, पाहुण्यासारखे बसले.

मी जेवणाच्या टेबलावर चार बशा मांडून चौकोन केला. एका बशीमागे साखरेचा डबा ठेवला. "हा सावंत. केतन, तू इथे. चेंडू उचललास. मान वर केलीस. काय दिसलं?"

"सावंत्या दिसला."

"तिसऱ्या बेसवर कोणी धावपटू आहे, असं तुला वाटलं का?"

केतनने विनायककडे पाहिले, मग माझ्याकडे. "हो म्हणू की नाही म्हणू, बाई? तुम्हाला कुठलं पाहिजे?"

"मला खरं पाहिजे."

"खरं मलाच नाही ना माहीत! आदल्या चेंडूला सगळे होम होम बोंबलत होते, ते कानात होतं. का लहानपणापासून बॉल उचलला की कीपरला द्यायचा, ते हातात होतं? मी रात्रभर तेच आठवतोय. डोक्यात काहीच नव्हतं, बाई. हात गेला."

"हात गेला म्हणजे?"

"म्हणजे मी नाही गेलो. हात गेला."

आप्पा इतका वेळ ऐकत होते. ते मला म्हणाले, "बाई, माका ह्या खेळातला काय्येक कळना नाय. पण ह्येना बॉल धरल्यान. मगे तो माणूस ह्येच्या चुकीन वाचलो. तर माझ्या झिलान काय केल्यान?"

"काही नाही केलं, आप्पा. त्याने चेंडू उत्तमच टाकला."

"मगे झाला तर!" आप्पांनी हात पसरले, जणू सगळा हिशेब मिटला.

केतन म्हणाला, "माझ्यावरच टाका ना, बाई. E राहू दे. माझी एक एरर वाढली तर काय मोठं? पुढच्या वर्षी भरून काढीन. याला पुढचं वर्ष नाहीये."

"नियमात तुझी एरर बसत नाही रे."

"मी बसवून घेतो की! मी सही करतो, माझी चूक आहे म्हणून."

"एरर ही अर्ज करून मिळत नाही, केतन."

यावर विनायक हसला. आल्यापासून तो पहिल्यांदाच बोलला. "बाई, मला पाहिजे तो नो-हिटर. खोटं कशाला बोलू? काल घरी गेलो, तर चाळीतल्या लोकांनी पेपर दारावर चिकटवला होता. पण मागून नकोय. तुम्ही मला काही विचारू नका, मी काही सांगणार नाही. फक्त एक सांगतो. अंधेरीचा तो पोरगा जीव तोडून धावला. आपला फटका फुसका गेला, हे त्याला माहीत होतं, तरी मान खाली घालून धावला. दुसरा कोणी अर्ध्यात थांबला असता, आणि मग सावंतने दुसऱ्या फेकीवरही काढला असता."

"मगे तू काय म्हणतंस?" आप्पांनी विचारले.

"मी काहीच म्हणत नाहीये, आप्पा. मी बघितलं ते सांगितलं."

चहा निवून गेला होता. तिघे गेले. साडेदहा वाजले होते.

त्यानंतरचा दीड तास मी कसा काढला, हे प्रामाणिकपणे लिहिते, कारण माझा खरा गोंधळ तिथे आहे. आधी मी स्वतःला विचारले, की काल मी E का म्हणाले? नियम आठवून म्हणाले का? नाही. विनायकसाठी म्हणाले का? तसेही खात्रीने वाटत नाही. जाधव घाई करत होते, देसाई डोक्यावर उभे होते, आणि तोंडातून अक्षर निघाले. म्हणजे केतनचा जसा हात गेला, तशी माझी जीभ गेली. मग मी विचारले, की आज बदलावेसे का वाटते? नियमामुळे, की यजमान संघाच्या बाईने आपल्या माणसाला नो-हिटर दिला असे अंधेरीचे लोक म्हणतील म्हणून? नि:पक्षपातीपणा आणि लोकांना नि:पक्षपाती दिसण्याची हौस, या दोन्हींचा चेहरा आतून पाहिला तर अगदी एकच असतो. उत्तरपत्रिका तपासताना ओळखीच्या मुलाला मी नेहमी एक गुण कमी देत असे, हे मला तेव्हा प्रथम जाणवले. आयुष्यभर मी त्याला न्याय समजत होते.

बारा वाजायला वीस मिनिटे असताना मी स्कोअरशीटवरचे E एका सरळ रेघेने खोडले, बाजूला H लिहिले, वेळ घातली आणि सही केली. कारण असे लिहिले: क्षेत्ररक्षकाने चुकीच्या ठिकाणी फेकणे हा एरर नव्हे, अन्य धावपटू नसल्याने दुसरी नोंद शक्य नाही, सबब हिट. वाक्य तर्कशुद्ध आहे. 'सबब' हा शब्द लिहिताना मात्र माझे पेन क्षणभर थांबले, कारण दुसरे काही उरत नाही म्हणून जे उरते ते खरे, हे भूमितीत चालते; बाहेर चालते की नाही, मला ठाऊक नाही.

देसाई फोनवर ओरडले. "बाई, वीस मिनिटं झोपला असता तर काय बिघडलं असतं तुमचं!" नार्वेकर हळहळले. "आता काय छापू? परबला हिट पडली?" त्यांनी चार ओळींची दुरुस्ती आतल्या पानावर, पाणीकपातीच्या सूचनेखाली छापली. केतन पंधरा दिवस माझ्याशी बोलला नाही. विनायकला मी स्वतः फोन केला. तो म्हणाला, "बरं बाई." मागून लेथचा आवाज येत होता. मग तो पुन्हा म्हणाला, "बरं," आणि त्याने फोन ठेवला.

हंगाम संपल्यावर मी लीगच्या तांत्रिक समितीला सगळा प्रसंग लिहून पाठवला. समितीतल्या दोन सदस्यांची स्वतंत्र उत्तरे आली. एकाने लिहिले, नोंद योग्य, हिटच. दुसऱ्याने लिहिले, हिट देणे हास्यास्पद, नियमाचा हेतू पाहता एररच हवा होता. दोघांनीही आपले मत नि:संशय असल्याचे कळवले होते. मी दोन्ही पत्रे स्कोअरशीटला टाचली.

त्याच सुमारास विनायक एकदा घरी आला. संघाने त्याला मोकळे केले होते. त्या सामन्याच्या कागदाची झेरॉक्स मिळेल का, असे त्याने विचारले.

"कशाला रे? त्यावर हिट आहे आता."

"E पण दिसतो ना, बाई. एकाच रेघेने खोडलाय तुम्ही."

"खोडलेली नोंद धरत नाहीत, विनायक."

"धरू नका ना. मी कुठे म्हणतोय धरा? मला फक्त जसं झालं तसं पाहिजे."

मी त्याला झेरॉक्स दिली. ती त्याने दुमडली नाही. येताना त्याने वर्तमानपत्रात गुंडाळून एक पुठ्ठा आणला होता, त्यावर ठेवून घेऊन गेला. त्याने मला माफ केले, की त्याच्या मते माफ करण्याजोगे काही घडलेच नव्हते, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून वाचता आले नाही. हजारो मुलांचे चेहरे वाचल्याचा मला अभिमान होता. तो चेहरा मला आजही वाचता येत नाही.

मी अजून स्कोअररचे काम करते. केतन बोलू लागला आहे; परवा त्याने माझ्या टेबलावर वर्तमानपत्रात गुंडाळलेले सुके बोंबील ठेवले आणि म्हणाला, "तुम्ही खात नाही, माहीत आहे. शेजाऱ्यांना द्या." त्या हंगामापासून तो चेंडू उचलला की एक क्षण थांबून कुठे फेकायचा ते मोठ्याने म्हणतो. त्या एका क्षणामुळे काही फलंदाज वाचतात. तेव्हा मी हिट लिहिते, आणि दर वेळी मला वाटते की हा तोच चेंडू आहे.

वाचकहो, मला माहीत होते ते सगळे वर मांडले आहे. काही लपवलेले नाही. एवढ्यावरून निर्णय होत नसेल, तर बसल्या जागी मत बनवू नका. नाहूरच्या मैदानावर रविवारी सकाळी विनायक पोरांना चेंडू टाकायला शिकवतो. मोकळी जागा भरपूर आहे. क्रिकेट खेळलेला एक माणूस घ्या, त्याला शॉर्टस्टॉपच्या जागी उभा करा, दोन-तीनदा "होम" म्हणून ओरडा आणि मग त्याच्याकडे एक सोपा चेंडू जमिनीवरून सोडा. हात कुठे जातो ते पाहा, आणि कागदावर एकच अक्षर लिहा. विनायकला विचारू नका, तो म्हणेल बाईंना विचारा. मलाही विचारू नका. कृपया स्वतः तपासून पाहा.